धोक्याची पातळी

पावसाळ्यात आमच्या कारध्याचा भाव वधारतो. वैनगंगा इथल्या पुलापाशी 245.50 मीटरला टेकली की धोक्याची पातळी, हे भंडाऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. अशा गावात राहून, वर शाळेत विज्ञान शिकवून, मला 40 लिटर पाणी सांभाळता आलं नाही. तेही भर मे महिन्यात.

त्या पाण्यात संत्री आणि मोसंबी राहायच्या. लेकीने हट्टाने आणलेले दोन गोल्डफिश. हा मासा थंड पाण्यातला. 20-22 अंशांत रमणारा. आमच्याकडे नवतपा लागलेला, बाहेर 45. त्यात पुण्याला भाच्याचं लग्न. आठ दिवस घर बंद.

मी टाकीला थर्मामीटर चिकटवला आणि शेजारी लाल पेनाने लिहिलं : 26 इशारा पातळी, 30 धोक्याची. लिहून झाल्यावर पाहिलं, तर पारा 32 वर. पूर घरात शिरून बसला होता आणि मी आता दवंडी पिटत होतो.

मग दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवल्या आणि दोन्ही एकदम टाकीत सोडल्या. अर्ध्या तासात पारा 25! बायकोला कौतुकाने हाक मारली. तिने पारा पाहिलाच नाही. "अहो, ह्या आडव्या का झाल्या?" माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. हळूहळू चढलेला उन्हाळा तो सोसतो. अर्ध्या तासात कोसळलेला हिवाळा नाही. बाटल्या काढून परत फ्रीजरमध्ये ठेवल्या. संध्याकाळपर्यंत दोघी उभ्या झाल्या, पण माझ्याकडे बघेनात.

शेजारच्या काकूंना किल्ली दिली आणि 14 कलमांची सूचनावलीही. त्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कसा घटतो, हेसुद्धा होतं : 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 ला जेमतेम 7, म्हणून हवेचा पंप बंद करू नये. काकूंनी कागद घडी घालून कमरेला खोचला. "जा जी मास्तर, पायते मी."

भंडारा रोडवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटली आणि मी पहिला फोन लावला. "काकू, खायला घातलं का?" वर्ध्याला दुसरा. मग लग्नघरातून रोज पाच-सहा. काकू दर वेळी "हो जी" म्हणायच्या. मला वाटायचं, त्या उत्तर देतायत. त्या हुकूम पाळत होत्या! मी विचारायचो आणि त्या फोन ठेवून चिमूटभर खाणं टाकून यायच्या. चिमूटही धान्य निवडणाऱ्या हाताची. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी सहज राहतो. उरलेलं अन्न मात्र कुजतं, अमोनिया वाढतो, आणि कुजताना होता तो प्राणवायूही संपतो. म्हणजे 32 अंशांनी जे साधलं नव्हतं, ते मी मोबाइलवरून साधत आणलं होतं.

चौथ्या दिवशी काकूंचाच फोन. "मास्तर, लाइन गेली. पानी ताकावानी झालं जी." मी टाकी, बादली, निम्मं पाणी, शिळं पाणी असं काहीबाही बरळलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी आता फोन नका करू." मी ऐकलं. त्या आठ दिवसांत मी केलेली तेवढीच एक मत्स्यसेवा.

परतलो तेव्हा भर दुपार. घशाला कोरड. काकूंच्या पडवीत ओलं तरट गुंडाळलेला रांजण दिसला. न विचारताच पितळी गडवा बुडवला आणि तोंडाला लावणार, तोच आतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मोसंबी! चांगली टवटवीत. खाली संत्री फेऱ्या घालत होती.

मातीतून पाझरलेलं पाणी वाळताना आतलं थंड करतं. हा धडाही माझाच. बाष्पीभवन.

"त्याइले थंडा पानीच पायजे होतं ना?" काकू म्हणाल्या. "मंग आपन पितो तेच देलं."

"आणि तुम्ही काय प्यायलात एवढे दिवस?"

"तुमच्या फ्रीजात होत्या ना दोन बाटल्या. जराशा मच्छीवानी वास मारत होत्या, पन थंड्यागार!"