आवक जास्त, जावक कमी

आमच्या घराण्यात राग पिढीजात आहे, अशी माझी समजूत होती. आजोबांनी भरलं ताट भिरकावल्याच्या गोष्टी आत्या अजून कौतुकानं सांगते, वडील तर पेपर उशिरा आला म्हणून पेपरवाल्याच्या सायकलीमागे अनवाणी चौकापर्यंत गेले होते. तेव्हा मी रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशी (हो, टाकीशीसुद्धा) भांडतो त्यात माझं कर्तृत्व काही नाही, मी आपला वारसा चालवतो, असं मी धरून चाललो होतो. रागाला तत्त्वाचं नावही देऊन ठेवलं होतं. 'मला अन्याय सहन होत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की हल्ली ते माझ्याआधी हीच म्हणून टाकते.

निवृत्तीनंतर अन्याय वाढले. ऑफिसात असताना ते सगळ्या टेबलांवर वाटले जायचे, आता सगळे घरातच होऊ लागले: चहात साखर कमी, पंख्याची कुरकुर, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. शेवटी एके दिवशी ही मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी तयारीनिशी गेलो होतो. आधी बालपण, मग वडील, मग हुकलेली बढती, असा क्रमही लावून ठेवला होता. डॉक्टरांनी बीपी घेतलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "पोट साफ होतं का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, मी मनाविषयी बोलायला आलोय."

"मीही तेच विचारतोय," ते म्हणाले.

उत्तर हिनं दिलं. सविस्तर.

घरी येऊन हा अपमान मी मुलीला फोनवर सांगितला. ती बंगळूरला असते. ती बराच वेळ हसली आणि चार दिवसांत तिनं पोट आणि मन यांच्या नात्यावरचं एक जाडजूड पुस्तक पाठवून दिलं. (एवढं हसण्यासारखं काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे दिवाळीत कळलं. पण ते ओघानं येईलच.)

त्या पुस्तकात मला पहिला भेटला तो अलेक्सिस सेंट मार्टिन. हा कॅनडाचा गडी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापारात हमाली-वल्हवणी करायचा. ६ जून १८२२ रोजी दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि त्याच्या पोटाला भोक पडलं. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरानं त्याला वाचवलं, पण भोक काही पूर्ण बुजलं नाही. थेट जठरात डोकावता येईल अशी वाट कायमची राहिली. एखाद्या सभ्य माणसानं तिथं नजर वळवली असती. बोमाँटसाहेबांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या भोकातून आत सोडला, आणि थोड्या थोड्या वेळानं वर ओढून किती पचलाय ते पाहायला सुरुवात केली. असं काही वर्षं चाललं. १८३३ साली त्यांनी यावर पुस्तकही काढलं. त्यात एक निरीक्षण असं की माणूस चिडला, घाबरला किंवा खचला की जठराचं अस्तर कधी लाल आणि कोरडं पडतं, कधी फिकटतं, आणि पाचक रस आटतो. आता मला सांगा, तुमच्या जठरात कुणी दोऱ्यानं कोबी सोडत असेल तर तुम्ही चिडणार नाही तर काय ओव्या म्हणाल? पण बोमाँटसाहेबांनी ते चिडणंही शांतपणे टिपून घेतलं. सेंट मार्टिन मधूनमधून पळून घरी जायचा, तिकडे लग्न केलं, पोरंबाळं झाली, पुन्हा साहेबांनी त्याला शोधून आणला. अखेर साहेब १८५३ मध्ये गेले आणि हा भोकवाला गडी १८८० पर्यंत जगला. तो गेल्यावर घरच्यांनी मुद्दाम प्रेत सडू दिलं, मग पुरलं. डॉक्टर लोकांनी पोट पळवू नये म्हणून.

मला हा माणूस फार आपला वाटला. त्याच्या पोटात डोकवायला भोक तरी लागत होतं. हिला तेही लागत नाही.

पुढचं प्रकरण मात्र थेट माझ्या खात्यातलं निघालं. मी उभी नोकरी पाटबंधाऱ्यात आवक-जावक टेबलावर काढली. मेंदूच्या बुडापासून पोटापर्यंत व्हेगस नावाची एक लांबलचक नस उतरते आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तिच्यातून वरून हुकूम सुटतात आणि खाली पोट मुकाट्यानं ते पाळतं. प्रत्यक्षात तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर खबर नेतात, वरून खाली येणारे उरलेले. म्हणजे आवक जास्त, जावक कमी. हे वाचल्याबरोबर मला सगळं उलगडलं, कारण ऑफिसात मी हेच पाहत आलो होतो: साहेबांना वाटतं निर्णय आपण घेतला, पण खालून टिपण ज्या सुरात वर जातं त्याच सुरात खाली सही होऊन येते. आतड्यांच्या भिंतीत तर मज्जापेशींचं कोट्यवधींचं स्वतंत्र जाळं आहे. व्हेगस तोडली तरी ते आपलं काम रेटत राहतं. साहेब रजेवर असले तरी आमचं टेबल चालायचं, तसंच. तेव्हा 'मला अन्याय सहन होत नाही' हे टिपण नेमकं कुठल्या टेबलावर तयार होत होतं, असा एक अप्रिय विचार मनात आला. मी पान उलटलं.

उलटलेल्या पानावर सिरोटोनिन होतं. मन ताळ्यावर ठेवण्यात ज्याचा हात आहे असं हे रसायन, आणि शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यांत तयार होतं! मी उठून आरशासमोर बाजूनं उभा राहिलो. माझा घेर पाहता मी सांगली जिल्ह्यातला सर्वात आनंदी इसम असायला हवा होतो. हा आनंद मी संध्याकाळपर्यंत भोगला, भेटेल त्याला सांगितलं, इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. रात्री पुढचा परिच्छेद वाचला. आतड्यातलं ते सिरोटोनिन मेंदूत शिरूच शकत नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी त्याला अडवतात. मेंदू आपलं वेगळं तयार करतो आणि पोटातलं मुख्यतः पोटाच्या हालचालींना लागतं. म्हणजे एवढा साठा असून उपयोग एकच. आणि माझ्याकडे तोही होत नव्हता.

यापुढे मी पोटातल्या जंतूंकडे वळलो, आणि इथून माझी अवनती सुरू झाली. आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. बहुमत त्यांचं. आपल्याला न पचणारा धान्याचा, भाजीचा चोथा हेच त्यांचं जेवण, आणि मी त्यांना जन्मभर मैद्याच्या पावावर नि संध्याकाळच्या भडंगावर ठेवलेलं. मला गलबलून आलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मोडाची मटकी, दुपारी भाकरी आणि चवळी, चारला भिजवलेले चणे, रात्री राजमा, मधे जवसाची चटणी, झोपताना इसबगोल, असा मी त्यांना भंडारा घातला. चोथा हळूहळू वाढवावा, एकदम नको, असंही पुस्तकात होतं. ते पुढच्या पानावर होतं. जंतू चोथा खातात तेव्हा आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार होतात, हे मी वाचलं होतं. वायूही तयार होतो, हे मी अनुभवलं.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची शोकसभा होती, पेन्शनरांच्या हॉलमध्ये. मी दुसऱ्या रांगेत, मधोमध. भाषणं झाली, माझंही झालं, चांगलं झालं असं म्हणतात. मग अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, पंखेही कुणीतरी बंद केले, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. त्या शांततेत माझ्या पोटातून एक गुरगुर निघाली. आधी बारीक, मग चढत चढत, मधे किंचित थांबून लोकांना वाटावं संपली, आणि मग नव्या जोमानं खालच्या पट्टीत. शेजारच्या गृहस्थांनी खिशातला मोबाईल काढून पाहिला. मागच्या रांगेतल्या दोघांनी खिडकीतून बाहेर टेम्पो आलाय का ते पाहिलं. मी पोट आत घेतलं तर आवाज पिळवटून जास्तच लांबला, सोडलं तर मोकळा होऊन मोठा झाला, म्हणून मी हात पुढे बांधून डोळे मिटले आणि दुःखानं हेलावल्यासारखा चेहरा केला, तो इतका जमला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून मला हळूच सांगितलं, "सावरा हो, भाऊ." अध्यक्षांनी दोन मिनिटांची शांतता पाऊण मिनिटात आटोपली.

मग मी चोथा सोडून ताकाला लागलो, कारण ताक निदान बोलत नाही. या वाटेवर मोठमोठी माणसं भेटली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉव्ह, १९०८ चे नोबेलवाले, बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं मानून स्वतः ते रोज प्यायचे; ७१ व्या वर्षी गेले. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली उंदरांना एक खास जंतू चारला तर त्यांची घालमेल कमी झाली, पाण्यात टाकले तर ते लवकर हातपाय गाळेनात, आणि व्हेगस नस कापलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसेना. मी हे वाचून नाचायचाच बाकी होतो. पण मग २०१७ साली त्यांनी तोच जंतू धडधाकट पुरुषांना देऊन पाहिला आणि त्यांच्या ताणात काही फरक पडला नाही. हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "उंदरांना ताण कसला? त्यांना पेन्शन नाही." डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, ताक प्या, भाज्या खा, पण दिवसेंदिवस मन खरंच उदास राहणारी माणसं येतात त्यांना मी ताकावर ठेवत नाही, त्यांना नीट उपचार लागतात. तुम्ही उदास नाही, तुम्ही तुंबलेले आहात. एवढ्या स्पष्ट निदानाची फी त्यांनी नेहमीचीच घेतली.

तर दिवाळी. दोन्ही मुलं आलेली, फराळ झालेला. मी व्हेगसवर छोटंसं व्याख्यान दिलं. पोटाच्या तब्येतीवर माणसाचा मूड कसा अवलंबून असतो, शास्त्राला हे आत्ता आत्ता कळू लागलंय वगैरे. मुलगा मान खाली घालून चकली खात होता. मुलगी आईकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, हे आम्हाला पहिलीपासून माहितीये."

आणि मग जे बाहेर आलं ते मी इथं लिहितो आहे, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मी सकाळी बाथरूममधून नाट्यपद गुणगुणत बाहेर आलो की घरात कामकाज सुरू व्हायचं. न गुणगुणता आलो की त्या दिवशी कुणी काही मागायचं नाही, मार्कशीट दाखवायची नाही, काच फुटल्याचं सांगायचं नाही. दोघं बोळात कान लावून उभी असायची. रायगडच्या सहलीचे पैसे गुणगुणण्यावर मिळाले. मुलाची मोटारसायकल दोन कडव्यांवर मंजूर झाली. आणि महत्त्वाचं काही असलं की आदल्या रात्री ही मला "दमलेले दिसताय" म्हणून प्रेमानं काहीतरी प्यायला आणून द्यायची.

"पण तुझं लग्न," मी मुलीला म्हटलं. "परजातीतला मुलगा, परभाषिक. मी क्षणात हो म्हटलं होतं."

"क्षणात म्हटलंत. पण मी आठवडाभर थांबले होते. तुम्ही मामाकडच्या लग्नाचं जेवून आला होतात ना. बासुंदी-पुरी. आई म्हणाली, आत्ता नको, आधी मला बघू दे."

त्या होकारावर गावात माझं केवढं नाव झालं होतं! वाचनालयात लोकांनी हात हातात घेतले, एका संस्थेनं शाल दिली, मी तिथं रूढींच्या जोखडावर अर्धा तास बोललो. ज्याला मी पुरोगामीपणा समजत होतो, ते एरंडेल होतं.

मी हिच्याकडे पाहिलं. ती निरागसपणे शंकरपाळ्यांचा डबा बंद करत होती. आयुर्वेदातल्या वाग्भटानं सगळ्या दुखण्यांचं मूळ मंदावलेल्या अग्नीत पाहिलं, बोमाँटनं दोरे सोडले, कॉर्कवाल्यांनी उंदीर पोहायला लावले. हिनं यांतलं काही न वाचता एवढा संसार चालवला.

मुलं गेल्यावर मी ठरवलं, आता नाही. यापुढे प्रत्येक निर्णय डोक्यानं. मागच्या सोमवारी रात्री टीव्हीसमोर बसलो होतो, तर ही कोमट पाण्यात इसबगोल ढवळत आली.

"काय हवंय?" मी विचारलं.

"अहो, काय हवं असणार? दमलेले दिसताय."

"मला सगळं कळतं आता."

"कळू दे की. गार व्हायच्या आत घ्या."

सोफा गुरुवारी येतोय.