पाच स्वर एका रांगेत

इंग्रजी शब्दकोश बहुतेक लोक उघडतात ते अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहायला. पण अर्थाशी काडीचंही देणंघेणं नसलेली एक जमात जगात आहे. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच आणि नेमक्या याच क्रमाने येतील असा लांब शब्द कोणता, एवढ्यासाठी ही मंडळी जाडजूड कोश पहिल्या पानापासून वाचत सुटतात. वाटेत भेटलेल्या शब्दांच्या अर्थाची विचारपूस करणं त्यांना परवडत नाही. पुढचं पान खोळंबलेलं असतं.

त्या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. ‘फसीशस’ हा ९ अक्षरांचा, तर ‘ॲब्स्टीमियस’ हा १० अक्षरांचा. पहिला शब्द नको तिथे थट्टा करणाऱ्याला लावतात, दुसरा खाण्यापिण्यात हात राखून असणाऱ्याला. हेच स्वर उलट्या क्रमाने, म्हणजे यू, ओ, आय, ई, ए असे हवे असतील तर हजर आहे १४ अक्षरांचा ‘सबकॉन्टिनेन्टल’. म्हणजे आपणच, उपखंडातले! रांग शेवटून सुरू करायची आपली पद्धत इंग्रजी स्पेलिंगलाही ठाऊक असावी. यावर कुणाला राग आलाच, तर त्याच उलट्या रांगेत आणखी एक शब्द उभा आहे, ‘अनकॉम्प्लिमेन्टरी’. अर्थ : स्तुतिपर नसलेला.

इथवर वाचून लेखक थापा मारतोय असं कुणाला वाटलं, तर त्यात वाचकाचा दोष नाही. देवनागरीतल्या ‘फसीशस’मध्ये ना ए दिसतो ना यू. ‘स्ट्रेंग्थ्स’ हा ९ अक्षरांत एकच स्वर वापरणारा काटकसरी शब्द, पण आपल्या लिपीत आला की त्याची जोडाक्षरांची दहीहंडी होते आणि मोजायला काही उरत नाही. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी समासात रोमन अक्षरं मांडून पाहावीत. शब्दशिकारी असेच घडतात, एवढा इशारा मात्र देऊन ठेवलेला बरा.

या वेडाला टीव्हीवर अधिकृत जागाही मिळाली आहे. सर्वांत लांब शब्द अशाच नावाचा खेळ फ्रान्समध्ये १९६५ साली सुरू झाला. त्या घराण्यातला ‘काउंटडाउन’ ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी आला. चॅनल फोर या वाहिनीचं उद्घाटन झालं त्या दिवशीचा तो पहिलाच कार्यक्रम. स्पर्धकाने ‘स्वर’ किंवा ‘व्यंजन’ एवढंच म्हणायचं, की फळ्यावर एकेक अक्षर लागत जातं. नऊ लागली की घड्याळ सुरू. तीस सेकंदांत त्या नऊ अक्षरांतून जमेल तेवढा लांब शब्द काढायचा. खरी गंमत पुढे आहे. शब्द सांगण्याआधी त्याची लांबी जाहीर करावी लागते. ‘आठ’ म्हणून मोकळं व्हायचं आणि नंतर कोशात तो शब्दच सापडत नाही असं निघालं, तर हाती शून्य. नऊच्या नऊ अक्षरं वापरली तर गुण दुप्पट, म्हणजे १८. कोशाच्या कोपऱ्यात १९९२पासून सूझी डेन्ट निवाडे करत आहेत. आणि एवढा जीव काढून बक्षीस काय, तर चहाची किटली! करोडपती होण्यासाठी हॉटसीटवर बसणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगूनही पटायचं नाही.

कोशात मनासारखा लांब शब्द नसेल तर तो घडवावा, हाही एक मार्ग आहे. अमेरिकेत १८८३पासून कोडी सोडवणाऱ्यांची एक संघटना आहे, नॅशनल पझलर्स लीग. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली ४५ अक्षरांचा शब्द जन्माला घातला : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार, अशी त्याची बैठक. डॉक्टर अशा आजाराला सिलिकोसिस म्हणून मोकळे होतात. पण शब्द वेबस्टरच्या कोशात शिरला, पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही तो घेतला, फक्त हा मुद्दाम घडवलेला आहे असं नमूद करून. रोग्याशिवाय रोग कोशात दाखल करणारी दुसरी संघटना शोधून सापडणार नाही. (देवनागरीत या शब्दाची अक्षरं २२च भरतात. आपल्याकडे तो तालुका पातळीवरही टिकला नसता.)

काहींना अमुक अक्षर हवं असतं, तर काहींना ते अजिबात नको असतं. इंग्रजीत सर्वांत जास्त राबणारं अक्षर ई. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी त्याला वगळून ‘गॅड्सबी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी लिहिली, ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. चुकून बोट पडू नये म्हणून टाइपरायटरवरची ईची कळ त्यांनी बांधून टाकली होती. त्यांना आयता मिळण्याजोगा एक शब्द म्हणजे ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. २९ अक्षरं, त्यांत नऊ आय आणि ई एकही नाही. अर्थ : एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. २०१२ साली खासदार जेकब रीस-मॉग यांनी तो ब्रिटिश संसदेत उच्चारून दाखवला.

मग संगणक आला. बेल लॅब्स या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी १९७३च्या सुमाराला ‘ग्रेप’ नावाची आज्ञा लिहिली. अटी सांगितल्या की ती लाखो शब्दांच्या यादीतून हवे ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वेचून देते. ज्यांनी कोश पानापानाने चाळण्यात वर्षं घालवली, त्यांनी हे बघून हाय खाल्ली असेल असं वाटावं. तसं काही झालं नाही. त्यांनी अटी वाढवल्या.

शिवाय काही भांडणं यंत्राला मिटवता येत नाहीत. ‘फसीशस’ला एल आणि वाय जोडला की ‘फसीशसली’, ११ अक्षरं आणि क्रमाने सहा स्वर. पण वाय हा स्वर मानला तरच. आणि तो स्वर मानला, की ‘रिदम्स’ या ७ अक्षरी शब्दाचं एकही स्वर न वापरण्याचं मोठेपण गेलं. ज्यांना दोन्ही विक्रम हवे असतात, ते वायला सकाळी स्वर म्हणतात आणि संध्याकाळी व्यंजन.