काकांचं कोराकुएन

ओकायामाला जायचं ठरलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "पण ती बाग तर सिंहगड रोडला आहे ना?"

त्यांचंही बरोबरच होतं. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरूनच बेतलेलं. त्यामुळे काका जपानात शिरले ते झेरॉक्स घेऊन मूळ प्रत ताडायला आलेल्या कारकुनासारखे.

इकेदा त्सुनामासा या संस्थानिकाने १६८७ मध्ये ही बाग करायला घेतली, ती पुरी झाली १७०० साली. "तेरा वर्षं? आपण उगाच उड्डाणपुलांना नावं ठेवतो," काका म्हणाले.

जपानी बाग म्हणजे वाळू, शेवाळ आणि गंभीर चेहरे अशी माझी समजूत. इथे मात्र डोळ्यांत मावणार नाही एवढी हिरवळ. हिरवळ दिसली की काकांना सतरंजी आठवते. पण बसलेलं कुणीच दिसेना. काकांनी कान टवकारले. "रखवालदाराची शिट्टी नाही, मग बसायचं नाही हे माणसाला कळणार कसं?"

नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला उभा. तो बागेत नाही, पण बागेतून बघायच्या देखाव्यात धरलेला आहे. हे मात्र काकांना फार पटलं. "म्हणजे आपणही पर्वती आपल्या बागेच्या खाती धरायची. खर्च शून्य!" पुढे भाताचं खाचर लागलं. संस्थानिकाच्या बागेत भातशेती! काकांचा जन्म कोकणातला. त्यांनी बांधावरूनच लावणीतलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मान डोलावली. जपानला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते र्‍यूतेन. चहूबाजूंनी उघडी, साधी लाकडी वास्तू आणि तिच्या मधोमध वाहणारा पाण्याचा पाट, त्यात मांडलेले दगड. कडेला टेकावं आणि पाणी बघत राहावं, बस्स. मी हरखून गेलो. काका म्हणाले, "धरणातून पाणी सोडलं की आमच्या तळमजल्यावरही असंच येतं. दगड तेवढे मांडलेले नसतात."

पुराचं म्हणाल तर या बागेनेही तो सोसला आहे. १९३४ च्या महापुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची धूळधाण झाली. वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी एक म्हणजे र्‍यूतेन. मग जुनी चित्रं आणि कागदपत्रं समोर ठेवून बाग पुन्हा होती तशी उभी केली. बागेत तीन तास न थांबलेले काका हे ऐकून जागीच थबकले. "दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे कागद सापडले? आमच्या सोसायटीचा मंजूर नकाशा बिल्डर गेल्यापासून बेपत्ता आहे!"

काकांचा अंतिम निकाल असा: मूळ प्रत मोठी आहे, पण झेरॉक्स घराजवळ आहे. पहिल्या वाक्याबद्दल दुमत नाही. कोराकुएनचा पसारा सुमारे तेरा हेक्टर आहे. तेव्हा ओकायामाचं तिकीट परवडत नसेल तर सिंहगड रोडला जरूर जा. भेळ मात्र बाहेरच खाऊन घ्या.