एका मोटारीची बखर

वडूजच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. ९ सप्टेंबर १९४२ ला याच गावात मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, त्याविषयी दरवर्षी हुतात्मा दिनाला बोलताना मी मुलांना न चुकता बजावत असे, की ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, आधी कागद बघा. मुलांनी ते कितपत मनावर घेतलं कोण जाणे. मी घेतलं.

आमच्या खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, आणि दिवाळीला किंवा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला ती गावी आली की रस्त्यावर केएल, टीएन अशा पासिंगच्या गाड्यांची रांग लागते. अशाच एका गलाईवाल्यानं २०२१ मध्ये त्रिशूरची, केएल-०८ पासिंगची, २०१३ सालची पेट्रोल गाडी विकायला काढली. मी बघायला गेलो. इतर गिऱ्हाइकं टायरला लाथ मारून बघतात, बॉनेट उघडून हुं हुं करतात. मला ते काही येत नाही, म्हणून मी अंगणात नुसताच हात मागे बांधून उभा राहिलो. तेवढ्यात मालकानं एक जाडजूड फाईल आणून हातात दिली. "सर, घेतल्यापास्नं सगळी बिलं हायत यात. बघून घ्या."

अस्सल साधनं! सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेतले शिक्के, बिलं, तारखा, किलोमीटर. गाडी न बघताच मी फाईल घरी आणली, चष्मा पुसला, दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या आणि समासात टिपणं करत बसलो. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदललेलं: मालक शिस्तीचा. पुढं पुढं जवळजवळ प्रत्येक बिलात 'कूलंट १ लिटर': मालक मायाळूही. २०१७ मध्ये पुढची काच नवी: टापटिपीची आवड. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा संच बदललेला: म्हणजे तो खर्च आपला वाचला. मधल्या दोन-अडीच वर्षांचं एकही बिल नव्हतं, पण इतिहासात असे रिकामे कालखंड असतातच, शिवाय बिल नाही त्या अर्थी बिघाडही नसणार, हे ओघानंच आलं. फक्त एक जागा जरा अडली. २०१६ च्या बिलावर किलोमीटर होते ७१,४०० आणि २०१९ च्या बिलावर ४२,३००. मी क्षणभर थबकलो; पण बखरींच्या नकला करताना लेखनिक सनावळ्यांचे केवढे घोळ घालतात हे मला ठाऊक होतं. समासात लिहिलं, "हस्तदोष."

आणि गाडी घेतली.

परराज्यातली गाडी म्हटल्यावर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, बारा महिन्यांच्या आत नवा नंबर, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म हे सगळं आलंच. ते उरकायला सौ.ला घेऊन साताऱ्याला गेलो, टॅक्स भरला, आता केएल-०८ ची एमएच-११ होणार या आनंदात कंदी पेढे घेतले आणि परत निघालो. कोरेगाव मागं टाकून वर्धनगडचा घाट चढायला लागलो, शिवाजी महाराजांनी या वाटेवर नजर ठेवायला गड कसा उभारला हे मी एका हातानं दाखवत सांगत होतो, सौ. म्हणत होती की अहो, तो काटा लाल रेघेवर चाललाय, मी म्हणत होतो की काटा राहू दे, तो बुरूज बघ, आणि बुरूज दिसेनासा झाला. बॉनेटमधून वाफ येत होती.

मी गाडी कडेला घेतली, फाईल काढली आणि कूलंटची बिलं दाखवून सौ.ला सिद्ध करून दिलं, की ही गाडी तापणं शक्यच नाही. तिनं फाईल माझ्या हातातून काढून घेतली आणि झाडाखाली बसली. ती आळीतल्या भिशीचा हिशेब ठेवते. पेढ्याचा पुडा अर्धा व्हायच्या आत तिनं मान वर केली. "अहो, ही गाडी म्हातारपणी तरुण होत चाललीय." मी तिला हस्तदोष म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाण्याचा कॅन घेऊन थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यानंही ते ऐकून घेतलं आणि काही न बोलता दोर बांधला.

वडुजातल्या मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढून आतला पांढरट चिकटा बोटावर घेतला. "हेड गॅसकेट गेलंय, सर. कूलंट ऑइलात उतरतंय." मी मायाळू मालकाची बिलं पुढं केली. तो म्हणाला, "दर बिलाला लिटरभर घालत्यात, म्हंजी ते जातंय कुठं, हे बघाय नगं का?" पुढची काच? "हौसंनं कोन बदलतंय? पुढनं ठोकलीय." क्लचचा संच, घासून गुळगुळीत झालेलं ब्रेकच्या पायाचं रबर? "लई पळालीय. मीटर मागं घेतलाय, सर." एवढ्यात टायरच्या कडेला लंबगोलात कोरलेला १८१८ हा आकडा मला दिसला. निदान एक तरी गोष्ट माझ्या विषयातली निघाली, म्हणून मी उत्साहानं म्हणालो, "पेशवाई बुडाली ते साल!" पाना फिरवणारा पोरगा खाली वाकूनच म्हणाला, "अठरावा आठवडा सर, दोन हजार अठरा. टायर कवा बनला ते."

तो माझाच विद्यार्थी होता.

मालकाशी भांडायला जावं म्हटलं, तर भांडणार कशावरून? त्यानं काय लपवलं होतं? ठोकर, गळती, पळणं, मागं गेलेला मीटर, सगळं फायलीत तारीखवार होतं, वर बघून घ्या असंही तो म्हणाला होता. मी एकूण एक कागद वाचला होता, खुणाही बरोबर त्याच जागी केल्या होत्या. मिस्त्री माझ्या पेन्सिलीच्या खुणांवरूनच काय काय बदलायचं त्याची यादी करत गेला, एकही खूण वाया गेली नाही. बिल मात्र मोठं झालं. तेही मी फायलीला लावलंय.

या प्रकरणानंतर गावात माझा मान वाढला आहे. खटाव तालुक्यात कुणीही जुनी गाडी घ्यायला निघाला, की आधी तिची फाईल घेऊन माझ्याकडं येतो, सौ. चहा टाकते, मी चष्मा पुसतो, सगळी बिलं उलटीसुलटी वाचतो आणि माझं मत देतो. मी "गाडी उत्तम आहे" म्हणालो, की ती माणसं मनापासून आभार मानतात आणि दुसरी गाडी बघायला जातात.