वाटीकाका

माणूस भेटला की आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. वाटीकाका नडगीकडे बघतात. फुल पँटवाल्याशी ते जेमतेम बोलतात, कारण तिथे वाचायला काही नसतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी एखादा नवा पोरगा सायकल घेऊन उगवला, की काका चष्मा कपाळावर सरकवतात, उकिडवे बसतात आणि त्याच्या पायाचा पंचनामा सुरू करतात.

"हे चार ठिपके एका रांगेत, म्हणजे पेडलच्या पिना. ताजे नाहीत, पावसाळ्यातले असणार. बूट ओला होता, पाय सटकला. आणि पोटरीवरचा हा ओरखडा? सायकल हातात धरून चढ चढत होतास, पेडल मागून येऊन बसलं. बरोबर?"

पोरगा आ वासून बघत राहतो. त्याच्या आईलाही यातलं काही माहीत नसतं.

काका नोकरीत असताना विम्याचे सर्व्हेअर होते. चेपलेली बंपरं, फुटलेले दिवे आणि 'गाय आडवी आली' असं शपथेवर सांगणारे मालक बघण्यात जन्म गेला. त्यामुळे जखम दिसली की त्यांना हळहळ वाटत नाही, ती त्यांना पुरावा वाटते. त्यांचं खरं आडनाव टेकडीवर कोणाला ठाऊक नाही. कुठल्याही विषयावर बोलणं काढा, पाचव्या मिनिटाला ते गुडघ्याच्या वाटीवर येतं, म्हणून वाटीकाका. पेट्रोलच्या भावावरून ते वाटीवर कसे आले, हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय, पण परत सांगता येणार नाही.

काकांचा सिद्धान्त पक्का आहे. "नडगीचा शत्रू सायकल, गुडघ्याचा शत्रू जमीन. दोन वेगळे क्लेम आहेत, एका फॉर्मवर भरायचे नाहीत." हे ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यात खोट काढता येत नाही. नडगीवर मांस असं नाहीच, कातडीखाली थेट हाड. सायकलवरून उड्या मारणारी पोरं सपाट पेडल वापरतात, कारण हवेत पाय सोडावा लागतो. आणि बूट धरून ठेवायला त्या पेडलवर लोखंडी पिना असतात. पाय सटकला की पेडल गर्रकन फिरतं आणि त्याच पिना नडगीत उतरतात. म्हणून मुरमाच्या ढिगावर उड्या मारायच्या तर गुडघा आणि नडगी दोन्ही झाकायची. टेकडीवर दोन-तीन तास चढउतार करायचा असेल तर गुडघ्यापुरतं हलकं, मागून जाळीचं गार्ड बास. नाहीतर एप्रिलच्या उन्हात नडगी शिजते आणि गुडघ्यामागच्या लवणीत घामोळं येतं. बूट पेडलमध्ये अडकवून चालवणाऱ्यांची नडगी काका फारशी मनावर घेत नाहीत. "त्यांचा पाय सुटतच नाही. ते अख्खेच पडतात."

स्वस्त वस्तूचं त्यांना वावडं नाही, हे त्यांच्यातलं मला फार आवडतं. फुटबॉलचे शिनगार्ड लांब मोज्यात सारून उड्या मारायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते पाठीवर थाप देतात. पण लडाखला जाणारे बुलेटवाले घेतात तो प्लॅस्टिकचा चार तुकड्यांचा संच, दोन गुडघ्यांना आणि दोन कोपरांना, तो कोणी सायकलवर घालून आला की काकांचा आवाज चढतो. "अरे राजा, बुलेटवर पाय ठेवला की ठेवला. इथे तो मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरतो! पहिल्या चढाला तुझी वाटी पुढे आणि प्लॅस्टिकची वाटी पोटरीवर!" बहुतेक वेळा तसंच होतं.

काकांबरोबर नाना पेठेत गार्ड घ्यायला जायचं असेल तर दुपारचं जेवण उरकून जावं. खिशात शिंप्याची टेप असते. वाटीच्या वर चार बोटं सोडून मांडीचा घेर, पोटरीचा जाड भागातला घेर, दोन्ही पायांचे वेगवेगळे. "स्मॉल-मीडियम हे दुकानदाराचं मत झालं. सेंटिमीटर हा पुरावा." मग गार्ड चढवून दुकानातच उठाबशा. माळ्याचा जिना दोनदा. त्यानंतर फरशीवर दोन्ही गुडघे टेकून, अंगाचा सगळा भार टाकून, डोळे मिटून ते बसतात. पॅड खाली बसतंय की फरशी जाणवतेय, हे असं कळतं म्हणे. एकदा मी बरोबर असताना गल्ल्यावरच्या मुलाला राहवलं नाही.

"काका, खरेदीला आलात की दर्शनाला?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. "तू इकडे ये. हे गार्ड धर आणि खाली ओढ. जोरात ओढ, रस्ता काय लाजतमुरकत ओढणार आहे?" त्यानं ओढलं. गार्ड घोट्यावर आलं. "बघ! तुझ्या हातानं उतरतं, ते मुरमावर राहील?" आतून सिलिकॉनची पट्टी असलेलं दुसरं काढा, असा हुकूम सुटला.

दुसरं निघालं. काकांनी त्याच्या आतला पॅड बाहेर काढून उलटा केला आणि चिमुकल्या मोटरसायकलस्वाराच्या चित्राखालचा आकडा मला वाचायला लावला: ईएन 1621-1, पुढे के, म्हणजे गुडघा. हे युरोपातलं मोटरसायकलवाल्यांसाठीचं मानक, पण सायकलचे गार्डवालेही तेच लावतात. पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर सोडतात आणि खाली किती जोर पोचतो ते मोजतात. सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल 1, 20 च्या आत राहिला तर लेव्हल 2.

"35 म्हणजे जवळजवळ साडेतीन टन," काका म्हणाले. "एका क्षणापुरते का होईना, पण साडेतीन टन! आणि हे पास!"

"मग नापास किती?" गल्ल्यावरच्यानं विचारलं. काका त्याच्याकडे प्रथमच आदरानं बघू लागले.

त्यांच्या शबनममध्ये डीथ्रीओचा एक नारिंगी तुकडा कायम असतो. रिचर्ड पामर नावाच्या गृहस्थांनी 1999 मध्ये ब्रिटनमध्ये या प्रकारावर काम सुरू केलं. बोटानं हळू दाबला तर चिखलासारखा दबतो, ठोसा मारला की तेवढ्यापुरता घट्ट होतो. आता तशा मऊ पॅडांच्या बऱ्याच जाती निघाल्यात. काकांनी पुतण्याच्या मुंजीत पंगतीला बसल्या बसल्या हा तुकडा पानाशेजारी ठेवून त्यावर वरणाची पळी हाणली होती. तुकड्याला काही झालं नाही, वरणाबद्दल तसं म्हणता येणार नाही. त्यावर काकू म्हणाल्या, "लग्नाला उभे राहिले तेव्हा मुंडावळ्या धड बांधता येत नव्हत्या, आता साठीत गुडघ्याला बाशिंग बांधून हिंडतात." काकूंचा राग मुळात वासावर आहे. पावसात भिजलेलं गार्ड पॅड न काढता गॅलरीत टाकलं की तिसऱ्या दिवशी शेजारचे विचारायला येतात.

कडक कवच बरं की मऊ पॅड, या वादात काका कोणाचीच बाजू घेत नाहीत, आणि तेच शहाणपणाचं आहे. काळ्या दगडाचं टोक लागायचं असेल तर कवच जोर पसरवतं, आणि घसरताना अडकत नाही. पण पेडल मारायला मऊच सोयीचं. एकदा मात्र ते फार कमी बोलले. एका पोराचा पाय जमिनीत रुतला आणि अंग वळलं. गार्ड जागच्या जागी, त्यावर साधा ओरखडा नाही, आणि आत लिगामेंट फाटलेलं. "गार्ड ठोसा अडवतं, पीळ नाही," एवढंच म्हणाले. पिळासाठी ब्रेस, ती वेगळी वस्तू आणि ती डॉक्टरांना विचारून घ्यायची. त्या दिवशी टेप खिशातून बाहेर आली नाही.

हे सगळं खरं, आणि तरीही पोरं काकांना टाळतात. कारण बरोबर बोलायला ते नेमकी चुकीची वेळ निवडतात. पायथ्याच्या मोकळ्या प्लॉटवर पोरांनी मुरमाच्या उड्या रचल्यात. वर सपाट ती टेबलटॉप. कमी पडलात तर नुसता दणका. पुढची डबल, मधे खड्डा. कमी पडलात तर पलीकडच्या काठावर आदळलात. पोरगा लांबून वेग घेतो, श्वास धरतो, आणि ढिगापाशी उभे काका हात वर करतात: "थांब! डावा पट्टा सैल आहे!" तो थांबतो. पट्टा खरोखर सैल असतो. तो आवळला जातो, पण जमलेला धीर पांगतो तो पांगतोच. काकांमुळे किती गुडघे वाचले कोण जाणे, बुडालेल्या उड्या मात्र सगळ्यांच्या लक्षात आहेत.

काका स्वतः सायकल चालवत नाहीत, असा समज आहे. चालवतात, आणि बेताची पण नेटकी चालवतात. गेल्या हिवाळ्यात खाणीकडच्या उतारावर सुट्या खडीत पुढचं चाक निसटलं आणि ते आमच्यासमोर आडवे झाले. आम्ही धावलो.

"हात लावू नका!" काका ओरडले.

मोडलं काहीतरी, असं वाटून सगळे जागीच थिजले. कोणीतरी ॲम्ब्युलन्ससाठी फोन काढला. काका मात्र पडल्या पडल्या मान उचलून गुडघ्याकडे बघत होते.

"आधी बोटं लावून बघा. कुठे होतं नि कुठे आलंय?"

एकानं बोटं लावली. गार्ड दोन बोटं सरकलं होतं.

"दोनच!" काकांचा चेहरा उजळला. "लेव्हल 1, आत्ता सेलमध्ये घेतलंय. कोणी फोटो काढा रे, टेप धरून काढा."

"काका, कोपर," एक पोरगा घाबरत म्हणाला. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं आणि रक्त टपकत होतं.

काकांनी कोपर वळवून चष्म्यातून नीट पाहिलं. "हां. कोपर हा स्वतंत्र विषय आहे," ते म्हणाले, आणि कोणीतरी रुमाल बांधेपर्यंत त्यांनी तो सुरूही केला.