शिखर कुठे काढू?

(डार्विन. ऑक्टोबरचा उकाडा, ढग जमतात, पाऊस काही पडत नाही. आजी रॅपिड क्रीकच्या रविवारच्या बाजारातून आणलेल्या चवळीच्या शेंगा मोडतेय. समोर नात आणि पीटर गोल्ड्सवर्दीची १९८९ सालची कादंबरी ‘माएस्त्रो’.)

नात : आजी, ही आपल्याच डार्विनमधली गोष्ट आहे. पण मला गोष्ट नाही, तिची रचना लिहायचीय.

आजी : रचना शाळेला सांग. मला गोष्ट सांग.

नात : १९६७ साल. पॉल, वय पंधरा. त्याचे पियानोचे सर केलर, मूळचे व्हिएन्नाचे. पबमधल्या खोलीत राहतात आणि सुरुवातीला त्याला पियानो वाजवूच देत नाहीत.

आजी : आमचे पेटीमास्तर! पुढे?

नात : पुढे हा रचनेचा डोंगर, वहीत काढलेला. पायथ्याला ओळख, मग चढण, शिखर, उतार. शिखरावर मी चक्रीवादळ ट्रेसी टाकलंय. १९७४ चा नाताळ, बहुतेक घरं जमीनदोस्त!

आजी : परवा त्या म्युझियममधल्या अंधाऱ्या खोलीत वादळाचा आवाज ऐकवला, तेव्हा माझंही शिखर झालं होतं. पण गोष्ट सांगतंय कोण?

नात : पॉलच. मोठा झाल्यावर, मागचं आठवून.

आजी : म्हणजे शेवट पहिल्या पानापासून ठाऊक, आणि गडी गप्प! काय लपवतोय?

नात : सरांच्या बायको-मुलाला नाझींनी मारलेलं असतं. सर केवढे मोठे, हे त्याला फार उशिरा कळतं. आधी नुसती टिंगल.

आजी : मग शिखर तिथे काढ. वादळ काय, पॉल नसता तरी आलंच असतं.

नात : पण त्याला सगळं आधीच माहीत असेल तर सस्पेन्स कसला?

आजी : जनमेजय अर्जुनाचा पणतू. पांडव जिंकले नसते तर हा सिंहासनावर बसला असता का? तरी वैशंपायनांकडून सगळं महाभारत ऐकलंच ना त्याने? कोण जिंकलं हे नव्हतं ऐकायचं त्याला. एवढी शहाणी माणसं भर सभेत खाली मान घालून कशी बसली, ते ऐकायचं होतं.

नात : थांब, लिहून घेते! पण मिसला डोंगरच हवाय.

आजी : दे मग डोंगर. शिखर तेवढं शेवटच्या पानाजवळ सरकव. एका अंगाने उतार कमी पडला तर पडू दे.

नात : आणि हे वैशंपायन... प्रकाशनाचं वर्ष काय घालू? नाहीतर मिस गुण कापते.

आजी : सौतीला विचार. त्यानेही दुसऱ्याचं ऐकूनच शौनकाला सांगितलं. त्याचे कुणी कापले?