पडद्यावरचा ट्रक न्यूट्रल होत नाही

रस्ता बांधण्याआधी तो संगणकात चालवून बघता येतो. पुढची गाडी जवळ आली की मागचा चालक कसा वागतो, याचं गणित जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये वीडमान यांनी १९७४ साली मांडलं. त्याच गणितावर चालणारं ‘व्हिसिम’ आज जगभर वापरलं जातं. पडद्यावर गाड्या लेन पाळतात, अंतर राखतात, वळणाआधी वेग कमी करतात. बघून डोळे निवतात.

आपली मापं अर्थातच निराळी. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या १९९० च्या तक्त्यात सगळी वाहनं कारमध्ये मोजली आहेत: दुचाकी अर्धी कार, ट्रक तीन, हातगाडीसुद्धा तीन आणि बैलगाडी चक्क आठ! सर्जा-राजाला एवढा मान पोळ्यालाही मिळत नसेल. राँग साइडने येणारा दुचाकीस्वार किती कारच्या बरोबरीचा, ते मात्र तक्त्यात नाही.

न्यूट्रलचंही तेच. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गाडी न्यूट्रल करतात. इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली, शहराची गर्दी हायवेला भिडते नेमक्या त्या ठिकाणी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला आठ माणसं गेली.

मग साहेबांची पाहणी होते. रम्बलर येतात, कॅमेरे येतात, वेगमर्यादेची पाटी बदलते. निष्कर्षही तयारच असतो: मानवी चूक. अहो, एकाच उतारावर वर्षानुवर्षं होते ती कसली चूक? ती सवय झाली. आणि रस्ता आखायचा तो माणसांच्या सवयी धरून, त्यांच्याकडून शिस्तीची आशा धरून नव्हे.

तेव्हा साहेब, पुढच्या वेळी पडद्यावर एक न्यूट्रल ट्रक सोडा, दोन राँग साइड दुचाक्या सोडा, मधल्या लेनमध्ये एक बंद पडलेला टेम्पो उभा करा. एवढं होऊनही रस्ता निभावला, तर खुशाल निविदा काढा. नाही निभावला, तर उतार बदला. निदान बेकाबू गाडी रुतून थांबेल असा खडीचा चढ बाजूला बांधा. पाट्या पुष्कळ झाल्या.